सव्वा लाखाचं घरकुल, चार लाखांचं घर

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घर बांधायला सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार. योजना २०१६ साली सुरू झाली, तेव्हापासून केंद्राचा हा आकडा हललेला नाही. घर निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं असावं अशी अट आहे. रोजगार हमीतून ९० ते ९५ दिवसांची मजुरी, शौचालयाचे १२ हजार आणि राज्य सरकारने २०२५ मध्ये ठरवलेली ५० हजारांची वाढ (त्यातले १५ हजार सौर पॅनेलसाठी), असं सगळं गोळा केलं तरी भिंती आणि छपरासाठी हातात येणारी रक्कम दोन लाखांच्या आत-बाहेरच राहते. तालुक्याच्या गावात मालासकट बांधकामाचा दर आज चौरस फुटाला दीड हजाराच्या खाली क्वचितच ऐकू येतो. २६९ ला दीड हजाराने गुणलं की चार लाख होतात. मधले दोन लाख बचत गटाच्या कर्जातून, मोडलेल्या दागिन्यांतून, ऊसतोडीच्या उचलीतून, मुंबई-पुण्याला कामाला गेलेल्या पोराच्या पगारातून येतात. नाही आले, तर लिंटेलपर्यंत चढलेल्या भिंती दोन-तीन पावसाळे तशाच उघड्या राहतात.

ही ओढाताण घरकुल मंजूर झालेल्यांपुरती नाही. गावठाणात वडिलोपार्जित जागेवर बांधणारा अल्पभूधारक, शहराच्या कडेला गुंठाभर जागा घेतलेला रिक्षावाला, निवृत्तीच्या पैशांतून गावी दोन खोल्या काढू पाहणारा गिरणीतला किंवा एसटीतला माणूस, या सगळ्यांचा प्रश्न तोच आहे. आहे त्या पैशांत घर उभं राहील का, आणि उभं राहिलेलं टिकेल का? गेल्या पन्नास-साठ वर्षांत या प्रश्नावर आपल्या देशात पुष्कळ काम झालं आहे. प्रयोगशाळांत झालं, आश्रमांत झालं, भूकंपानंतरच्या पुनर्वसनात झालं. त्या कामाकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. स्वस्त माल आणून घर फारसं स्वस्त होत नाही. पैसा वाचतो तो कुदळ मारण्याआधी घेतलेल्या निर्णयांत. ते निर्णय घेताना शेजारी जाणकार माणूस लागतो. सरकार गरिबाला सिमेंटचे पैसे देतं, तो माणूस मात्र देत नाही.

सर्वांत साधा निर्णय आकाराचा. २५ चौरस मीटरचं घर ५ बाय ५ मीटर आखलं तर बाहेरच्या भिंतींची लांबी २० मीटर भरते. तेवढंच क्षेत्रफळ अडीच बाय दहाच्या लांबोळक्या घरात बसवलं तर ती २५ मीटर होते. म्हणजे पाया, जोतं, भिंत, गिलावा, रंग या प्रत्येक बाबीत पाव हिस्सा खर्च जास्त, आणि राहायला इंचभरही जागा जास्त नाही. दोन भावांनी शेजारी-शेजारी दोन चौकोनी घरं बांधताना मधली भिंत सामाईक ठेवली तर दोघांची मिळून ४० मीटरऐवजी ३५ मीटर भिंत लागते. हे सगळ्यांना कळतं, तरी वाटणीच्या भीतीने घडत नाही. भिंतीची उंची साडेदहा फुटांऐवजी साडेनऊ फूट ठेवली, न्हाणीघर आणि स्वयंपाकाची मोरी पाठीला पाठ लावून एकाच नळावर आणली, मधला बोळ काढून टाकला, की आणखी काही हजार सुटतात. या कशालाही नवं तंत्रज्ञान लागत नाही. कागदावर पेन्सिलीने तासभर बसावं लागतं.

दुसरा निर्णय सांगाड्याचा, आणि माझ्या मते आज खेड्यापाड्यांत सर्वांत जास्त पैसा इथेच विनाकारण जिरतो. एकमजली, दोन खोल्यांच्या घरालाही कॉलम-बीम उभे करायची पद्धत पडून गेली आहे. कॉलम नसलेलं घर कच्चं, अशी समजूत आहे. गवंडीही तेच सांगतो, कारण त्याला तेच सवयीचं आहे. वास्तविक नऊ इंची चांगल्या विटेची भिंत एका स्लॅबचं ओझं सहज पेलते. तिला हवा असतो तो जोत्याच्या पातळीवर, लिंटेलच्या पातळीवर आणि छपराखाली सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा, आणि कोपऱ्यांत उभी सळई. एवढं केलं तर लोखंड आणि सेंट्रिंग दोन्ही कमी लागतं, आणि भूकंपात घर धरून ठेवणारी बांधणीही मिळते. याउलट बारीक कॉलम आणि त्यांच्यात कशीबशी भरलेली भिंत दिसायला पक्की असते, पण रिंगा लांब-लांब बांधलेल्या असतील आणि काँक्रीटमध्ये पाणी जास्त झालं असेल तर तिचा भरवसा धरता येत नाही. वर मजला चढवायचा हे खरोखर ठरलेलं असेल, तर गोष्ट वेगळी. पण ‘पुढेमागे’ म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळया वीस-वीस वर्षं गंजत राहिलेल्या गावोगाव दिसतात, आणि त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी दिलेले असतात.

जमीन काळी असेल तर मात्र हात आखडून चालत नाही. मराठवाडा, विदर्भ, सोलापूरकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-चार वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा निघतात. तीन-चार फुटांवर मुरूम लागत असेल तर खाली मुरमापर्यंत जावं, पायाच्या बाजूने आणि जोत्यात मुरमाचा भराव करावा, काळी माती परत आत लोटू नये. मुरूम खोल असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी तयार केलेला, तळाशी फुगीर असलेला खोदपाइल हा पर्याय आहे. जमिनीतली ओल ज्या खोलीवर वर्षभर सारखी राहते तिथे तो टेकतो, म्हणून वरची माती कितीही हलली तरी घर हलत नाही. ऐकायला महाग वाटतो, पण आठ-दहा फूट खोल खड्डे खणून दगड भरण्याच्या तुलनेत पुष्कळदा स्वस्त पडतो. घराभोवती फरसबंदी करून पावसाचं आणि मोरीचं पाणी पायापासून दूर नेणं हा याच कामाचा भाग आहे, आणि पैसे संपल्यामुळे नेमकं तेच राहून जातं.

भिंतींच्या बाबतीत लॉरी बेकर यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेले हे वास्तुविशारद दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून परतताना मुंबईत बोटीची वाट पाहत थांबले होते. तिथे त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर जिथे बांधायचं तिथून पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून ते बांधावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. पिथोरागडला अनेक वर्षं काढून ते केरळात आले, तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले आणि २००७ साली तिथेच वारले. ‘सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज’ या संस्थेच्या इमारतींपासून कोळ्यांच्या घरांपर्यंत त्यांनी जे बांधलं, त्यातल्या दोन युक्त्या आपल्याकडे जशाच्या तशा उचलण्यासारख्या आहेत.

एक, पोकळ भिंत. विटा निजवून न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि मध्ये पोकळी सोडायची. भिंतीची जाडी नऊ इंचच राहते, पण विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात, मालही पुष्कळ वाचतो, आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहतं. कोपरे, दारं-खिडक्यांच्या बाजू आणि पट्ट्याखालचा थर भरीव ठेवायचा. दोन, कौलं भरलेला स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातला ताण सळया घेतात, तिथलं काँक्रीट फारसं काही करत नाही. म्हणून सळयांच्या चौकोनांत जुनी मंगलोरी कौलं ठेवून तेवढं काँक्रीट वाचवायचं. स्लॅब हलका होतो, म्हणून लोखंडही थोडं कमी लागतं. याला सळयांचं अंतर काढून देणारा अभियंता मात्र हवाच, अंदाजाने हे करू नये.

या युक्त्या जुन्या आहेत, सिद्ध झालेल्या आहेत, केरळात १९८५ पासून ‘कॉस्टफोर्ड’सारखी संस्था त्या वापरत आली आहे. तरी महाराष्ट्रात त्या शिक्षित हौशी लोकांच्या फार्महाऊसपलीकडे का गेल्या नाहीत? मला तीन कारणं दिसतात. आपल्या बहुतेक गावभट्ट्यांची वीट एकसारखी नसते, आणि वेड्यावाकड्या विटेची पोकळ भिंत नीट साधत नाही. गवंड्याचा दर चौरस फुटावर ठरतो, त्यामुळे ज्या कामाला जास्त वेळ आणि जास्त लक्ष लागतं ते त्याला परवडत नाही. आणि गिलावा न केलेली भिंत लोकांना अर्धवट वाटते. गरिबाला आपलं घर अर्धवट दिसलेलं चालत नाही, आणि त्यात चूक काही नाही. पिढ्यान् पिढ्या कुडात राहिलेल्या माणसाला गुळगुळीत भिंत हवीशी वाटते, ती त्याच्या मानाची बाब आहे. म्हणून मी सांगेन, बाहेरून दर्जा भरून भिंत उघडी ठेवावी, आतून मात्र गिलावा करावा. निम्मा खर्च वाचतो आणि घरात वावरताना उणं वाटत नाही.

कोकणात आणि गोव्यात हा प्रश्न जांभ्याने आधीच सोडवलेला आहे. चिऱ्याची भिंत जाड असते, भराभर चढते, बाहेरून गिलाव्याची गरज नसते. पण तोच चिरा घाट चढून देशावर नेला की गाडीभाडं त्याची सगळी स्वस्ताई खाऊन टाकतं. विदर्भात आणि खानदेशात कोराडी, चंद्रपूर, दीपनगर, इकडे परळी, एकलहरे अशा औष्णिक वीजकेंद्रांच्या आसपास राखेची वीट मिळते. ती मापात एकसारखी असते आणि मातीच्या विटेइतकी किंवा तिच्याहून थोडी स्वस्त पडते. तिथल्या लोकांनी तिला कमी लेखू नये. राखेचे हलके ब्लॉक मोठ्या इमारतींना उपयोगाचे, पण ज्याला भिंतीवरच स्लॅब टेकवायचा आहे त्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मातीचं काय, हा प्रश्न कोणी तरी विचारतंच, आणि त्याचं उत्तर दोन वाक्यांत देणं अन्यायाचं होईल. सेवाग्रामची बापूकुटी माती, बांबू आणि कौलांची आहे, मीराबेनने गावच्या कारागिरांकडून करून घेतलेली, आणि नव्वद वर्षांच्या घरात आली तरी उभी आहे. वर्ध्याजवळच दत्तपूरला देवेंद्र कुमार यांनी स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीच्या भिंती सुधारण्यावर काम केलं, कुंभाराकडून शंकूसारखी कौलं घडवून ती एकात एक बसवत कमानीचं छप्पर करून दाखवलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या गटाने आणि पुढे ऑरोव्हिलच्या संस्थेने मातीत पाच टक्क्यांच्या आसपास सिमेंट घालून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या विटेचं शास्त्र पक्कं केलं. ही वीट चांगली आहे. तिला लाल, रेताड माती लागते. काळी माती तशीच वापरता येत नाही, तिला चुन्याची जोड द्यावी लागते. आणि यंत्र भाड्याने आणून एकाच घराच्या विटा पाडणं परवडत नाही. एखाद्या वस्तीतल्या दहा-पंधरा घरकुलांनी मिळून, बचत गटाच्या हाती यंत्र देऊन केलं तरच हिशेब जुळतो.

पण मातीबद्दल बोलताना किल्लारीचा भूकंप विसरून चालत नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले, आणि पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरची गावं कोसळली. हजारो माणसं आपल्याच घराच्या दगडांखाली गेली. ती घरं गरिबीतली नव्हती. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती होत्या, वर माळवद. दोष दगडात नव्हता आणि मातीतही नव्हता. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर वेगवेगळा रचलेला, मध्ये गोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड कुठेच नाही. वरच्या माळवदावर गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षं पांढऱ्या मातीचा थर चढत गेलेला. जमीन हलली तशा भिंती मधून उकलल्या आणि ते सगळं वजन खाली आलं. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांबांचे खण उभे राहिले आणि भोवतीच्या भिंती पडल्या.

त्यानंतर काय झालं, हे कमी खर्चातल्या घराचा विचार करणाऱ्याने नीट पाहण्यासारखं आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, एकसारखे भूखंड, काँक्रीटची घरं. ठेकेदारांनी बांधली, संस्थांनी दान केली. लोकांना निवारा मिळाला, पण ओसरी, परसू, गुरांचा गोठा, भावकीचा शेजार यांना त्या आराखड्यांत जागा सापडली नाही. दुसरीकडे, दूरच्या कमी नुकसान झालेल्या गावांत दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि बळकटी मालकांनी स्वतः केली. सरकारने पैसे टप्प्याटप्प्याने दिले, अभियंते गावात बसवले, आरपार दगड कसा घालायचा, लिंटेलला पट्टा कसा फिरवायचा, छपरावरची माती कशी उतरवायची, हे शिकवलं. गवंडी तेच, दगड तोच, घरंही तीच. भर पडली ती जाणकारीची. माझ्या दृष्टीने महाराष्ट्राने स्वस्त आणि सुरक्षित घराचा केलेला हा सर्वांत मोठा प्रयोग आहे, आणि तो आपल्याच शासनाने पुढच्या घरकुल योजनांत पुरेसा उतरवलेला नाही.

छपराकडे वळू. एकूण खर्चातला पाव हिस्सा तरी स्लॅब घेतो, म्हणून पैसे अपुरे असले की पत्रा येतो. पत्रा वाईट नाही, पण चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. त्याखाली बांबूच्या चटईचं किंवा तट्ट्याचं छत लावलं आणि वरून दरवर्षी चुना मारला तर फरक जाणवतो. कौलारू छप्पर सर्वांत सुखाचं. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कारखाना काढल्यापासून ती लाल कौलं अवघ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली, आणि आज लाकडाऐवजी लोखंडी पाइपांवर ती बसवली तर वाळवीचीही चिंता राहत नाही. तरीही कोकणात लोक कौलं उतरवून पत्रे घालताहेत, त्यामागे माकडं आहेत. दरवर्षी छप्पर शाकारायला माणूस मिळत नाही आणि माकडांनी फोडलेली कौलं बदलून बदलून म्हातारी माणसं थकतात. असल्या अडचणी तांत्रिक अहवालांत सापडत नाहीत, पण घर कशाचं करायचं ते त्याच ठरवतात. ज्याला स्लॅबच हवा, पण सेंट्रिंगचा खर्च झेपत नाही, त्याच्यासाठी जमिनीवर ओतून ठेवलेल्या फळ्या आणि दांड्या वर चढवून बसवायची रुडकीची पद्धत आहे. घर एकटं असेल तर जमत नाही, गल्लीतली पाच-सहा घरं एकत्र आली तर जमतं.

फरशी, दारं, शौचालय यांबद्दल थोडक्यात. चकचकीत लादीऐवजी शहाबादी किंवा साधा कोबा. सागवानी चौकटीऐवजी सिमेंटची. जुने वाडे पाडले जातात तिथली दारं वखारीत निम्म्या किमतीत मिळतात आणि लाकूड आजच्यापेक्षा चांगलं असतं. शौचालयाला मोठी सेप्टिक टाकी बांधण्यात पैसे घालू नयेत. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय स्वस्त असतं, आणि एक खड्डा भरला की दुसरा वापरात घेऊन पहिल्यातलं सोनखत वर्षा-दीड वर्षाने शेतात टाकता येतं. कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी आणि देहूत डॉ. मापुसकरांनी या विषयावर आयुष्य वेचलं आहे. त्यांच्या राज्यात हे नव्याने पटवून द्यावं लागू नये. छापून उभारलेली घरं, कंटेनरची घरं यांच्या बातम्या अधूनमधून येतात. ज्याच्याकडे दोन लाख आहेत त्याला त्यांचा आज काही उपयोग नाही.

त्यापेक्षा कामाची वेळ साधणं कितीतरी मोलाचं. वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात आणि पावसाआधी विझतात. पावसाळ्यात विटेचा भाव चढतो, म्हणून वीट आदल्याच मार्च-एप्रिलपर्यंत घेऊन ठेवावी. पाया दिवाळीनंतर, भिंती हिवाळ्यात, स्लॅब फेब्रुवारी-मार्चच्या आत, हा क्रम पाण्यासाठीही चांगला. मे महिन्यात मराठवाड्यात प्यायला टँकर येतो, तिथे काँक्रीटवर पाणी कोण मारणार? आणि पाणी मारलं नाही तर महागातलं सिमेंटही निकामी जातं. स्लॅबवर आळी करून निदान आठ-दहा दिवस पाणी तुंबवून ठेवणं याला खर्च शून्य आहे, आणि ताकदीतला फरक मोठा. उलट, काँक्रीट सहज पसरावं म्हणून ओतताना जास्तीचं पाणी घालणं ही जवळपास प्रत्येक साइटवर दिसणारी सवय घराचं आयुष्य कमी करते.

गवंड्याशी ठरवताना दर कशाचा, हे आधी लिहून घ्यावं. स्लॅबच्या क्षेत्रफळाचा की आतल्या चटईचा? जोत्याची उंची किती? जिना, पॅरापेट, पाण्याची टाकी दरात की वेगळी? बहुतेक भांडणं या चार ओळी कागदावर नसल्यामुळे होतात. पैसे जोतं, लिंटेल, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांवर द्यावेत, उचल म्हणून पुढे देऊ नयेत. माल स्वतः घ्यायचा असेल तर वाळू-खडीची गाडी ओतण्याआधी हौद्यात टेपाने मोजावी. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे गाडीवाल्याला माहीत असतंच, घेणाऱ्यालाही असावं. घरकुलाच्या लाभार्थ्याला पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं राज्याच्या २०२५ च्या धोरणात आहे. ती मिळाली की नाही, हे ग्रामसभेत विचारायचा त्याला हक्क आहे.

आणि हे सगळं करूनही पैसे पुरलेच नाहीत तर? तर घर एकदम पुरं करायचा हट्ट सोडावा. या विचाराला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात छोट्या अंगणाभोवती सात-सात घरं मांडली. एकाही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक ठेवली नाही, कारण प्रत्येकाला पुढे आपापल्या ऐपतीने वाढवता यावं. इंदूरच्या ‘अरण्य’ वसाहतीत बाळकृष्ण दोशी यांनी लोकांना जोतं, न्हाणीघर-शौचालय आणि नळ-वीज दिली, बाकीचं घर त्यांच्यावर सोडलं. चारकोप-गोराईला म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ नंतर आखीव भूखंड दिले आणि आज तिथे फिरणाऱ्याला ते मुळात साधे, रिकामे भूखंड होते हे सांगूनही पटत नाही. बेलापुरातली बरीच मूळ घरं पाडून मोठी बांधली गेली, राहणारेही बदलले, अशी टीका होते. ती रास्त आहे, पण घर वाढत गेलं म्हणून कल्पना फसली असं मला वाटत नाही. पुण्यात येरवड्याला झोपडवस्तीच्या बोळांना धक्का न लावता, फक्त कच्ची घरं जागच्या जागी, २७० चौरस फुटांची बांधली गेली, रहिवाशांनी दहा टक्के वाटा घातला आणि वस्तीतल्या बायका आराखड्याच्या चर्चेला बसल्या. त्याच पैशांत दूर कुठेतरी सात मजली इमारतीही बांधता आल्या असत्या. इथे मात्र कोणाचा शेजार सुटला नाही आणि कोणाची धुणीभांडीची कामंही सुटली नाहीत.

टप्प्याने बांधायचं तर क्रम असा धरावा: पाया आणि जोतं पूर्ण घराचं, एक खोली आणि शौचालय पक्क्या छपरासह, उरलेल्या खोलीच्या भिंती आणि पत्रा, स्लॅब नंतर. लोक नेमकं उलटं करतात. सगळ्या भिंती एकदम चढवतात आणि छपराला पैसे उरत नाहीत.

जागेचे कागद हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, पण एवढं सांगायलाच हवं की कर्जाचं दार तिथेच उघडतं किंवा बंद होतं. गावठाणातल्या घराला नमुना ८ च्या उताऱ्यापलीकडे कागद नसल्याने बँका वर्षानुवर्षं दारात उभं करत नव्हत्या. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. ती हाती असेल तर सावकाराच्या व्याजाऐवजी बँकेचं व्याज लागतं, आणि दोन लाखांवर हा फरक सगळ्या विटांच्या बचतीपेक्षा मोठा असू शकतो. शेतजमिनीतला गुंठा बिगरशेती न करता नोटरीवर घेणाऱ्याला मात्र ना कर्ज मिळतं ना अनुदान. शहरातल्या स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला आवास योजनेत केंद्राचे दीड आणि राज्याचा एक, असे अडीच लाख मिळू शकतात, तेही कागद चोख असतील तरच.

आता त्या जाणकार माणसाकडे. केरळात १९८० च्या दशकात कोल्लमला निर्मिती केंद्र निघालं, ते पाहून १९८८ पासून हुडकोच्या मदतीने देशभर अशी केंद्रं काढायचा कार्यक्रम आला. कल्पना अशी होती की जिल्ह्यातच गवंडी शिकतील, ब्लॉक तयार होतील, नकाशा मिळेल. आपल्याकडे तिने मूळ धरलं नाही. पण सध्याच्या योजनेत दोन धागे हाताशी आहेत. ग्रामीण गवंड्यांचं ४५ दिवसांचं प्रशिक्षण चालतं आणि ते प्रत्यक्ष घरकुलांवरच होतं. त्यात पोकळ भिंत, तीन पट्टे आणि काळ्या मातीतला पाया सक्तीने शिकवता येईल, आणि असं काम करणाऱ्या गवंड्याला चौरस फुटामागे थोडा जास्त दर योजनेतूनच देता येईल. दुसरा धागा म्हणजे तालुक्याला नेमलेले ग्रामीण गृहनिर्माण अभियंते. आज त्यांची फेरी मुख्यतः हप्त्यासाठी फोटो काढायला होते, म्हणजे काम होऊन गेल्यावर. तीच एक फेरी १५ हजारांचा पहिला हप्ता सुटतो त्या दिवशी, फक्की मारून आखणी होण्याआधी व्हायला हवी. घर चौकोनी आखायचं की लांब, कॉलम हवेत की नकोत, खड्डा मुरमापर्यंत गेला की नाही, पैसे संपले तर कुठे थांबायचं, हे तेव्हाच ठरवता येतं. जिल्हा परिषदांना यासाठी नवी योजना लागणार नाही, अभियंत्यांच्या भेटीचं वेळापत्रक बदलावं लागेल आणि रिकामी पदं भरावी लागतील.